निकोलस ऑटो : झडपांची वेळ साधणारा फिरता विक्रेता

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती काढली की मुलं चार क्रिया पटकन पाठ करतात. मिश्रण आत ओढणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे. झडपा मात्र आकृतीत दोन रेघा होऊन राहतात. हे इंजिन ज्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखवलं, त्या निकोलस ऑटो यांची बरीचशी झटापट या झडपांशीच होती.

ऑटो यांचा जन्म १८३२ साली जर्मनीतल्या होल्झहाउझेन गावी झाला. वडील लवकर गेले. शिक्षण अर्धवट सोडून ते दुकानात लागले आणि पुढे चहा-साखर विकत गावोगाव फिरू लागले. इंजिनिअरिंगची पदवी नाही, कारखान्याचा अनुभव नाही! १८६० च्या सुमारास लेनवार या संशोधकाच्या गॅस इंजिनाची बातमी त्यांच्या कानावर आली. त्या इंजिनात गॅस न दाबताच पेटवत, त्यामुळे तो खूप लागायचा. ऑटो यांनी कोलोनमधल्या एका कारागिराकडून तसंच छोटं इंजिन करून घेतलं. मिश्रण आधी दाबून मग पेटवलं, तर धक्का कितीतरी जोरदार बसतो हे त्यांच्या ध्यानात आलं. १८६२ मध्ये त्यांनी चार सिलिंडरचं इंजिन बनवलं. ते थोडा वेळ चाललं आणि आतल्या हादऱ्यांनी मोडून गेलं.

मग दहा-बारा वर्षं ही कल्पना बाजूला पडली. १८६४ मध्ये ऑयगेन लांगेन हे भागीदार मिळाले. दोघांच्या वातावरणीय इंजिनाला १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, कारण त्याला लेनवारच्या इंजिनापेक्षा निम्म्याहून कमी गॅस लागत होता. पण ते उंच, खडखडाट करणारं यंत्र तीन अश्वशक्तीच्या पुढे जाईना. धंदा अडला तेव्हा ऑटो पुन्हा जुन्या कल्पनेकडे वळले, आणि १८७६ मध्ये डॉइट्झच्या कारखान्यात फोर-स्ट्रोक इंजिन सुरू झालं.

आता गंमत बघा. चार क्रिया पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, पण प्रत्येक झडप त्यात एकदाच उघडायला हवी. म्हणून इंजिनाच्या बाजूला दातेरी चाकांवर चालणारा दुसरा दांडा बसवला, जो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. धूर सोडणारी झडप वर उचलली जाणारी होती. मिश्रण आत घ्यायला मात्र सरकती पट्टी होती, आणि हीच पट्टी आपल्या पोकळीत जळती ज्योत घेऊन ऐन वेळी सिलिंडरच्या तोंडाशी यायची. ठिणगीऐवजी चक्क ज्योतीची ने-आण! इंजिन मिनिटाला साधारण १८० फेरे घेई, म्हणजे एका स्ट्रोकला सेकंदाचा सहावा भाग मिळे. एवढ्या सावकाशीत पट्टीला हे जमत होतं. वेग वाढवायचा तर ते अवघड. शिवाय पट्टी घट्ट दाबून धरावी लागे, तापे, झिजे. उचलझडपेला आतला दाबच बंद ठेवतो, म्हणून पुढे तीच टिकली. ऑटो यांच्याकडे काम करून बाहेर पडलेल्या डाइमलर यांनी १८८५ च्या वेगवान इंजिनात पट्टी काढूनच टाकली. त्यात आत घेणारी झडप दट्ट्याच्या ओढीनं आपोआप उघडायची.

ऑटो यांना पेटंट मिळालं होतं, विद्यापीठाची मानद डॉक्टरेटही. पण बो द रोशा या फ्रेंच अभियंत्यानं १८६२ मध्येच ही चार क्रियांची पद्धत एका छोट्या पुस्तिकेत मांडली होती. इंजिन त्यानं कधी बांधलं नाही. तरी १८८६ मध्ये जर्मन न्यायालयानं ऑटो यांचं पेटंट रद्द केलं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. मला विचाराल तर कागदावरच्या चार ओळी आणि वेळेवर उघडणारी झडप यांत फार अंतर आहे. पेटंट जाताच इतर कारखानदार हे इंजिन बेधडक बनवू लागले.

२६ जानेवारी १८९१ रोजी कोलोनमध्ये ऑटो वारले, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. मुलगा गुस्टाव्ह तेव्हा लहान होता. पुढे त्यानं म्युनिकमध्ये विमानांचा कारखाना काढला, आणि आजच्या बीएमडब्ल्यूची एक मुळी त्या कारखान्यापर्यंत जाते.