सेकोंदो पिया : पवित्र कफनाचे पहिले छायाचित्रकार

तुरीनच्या पवित्र कफनावरील चेहरा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. मिटलेले डोळे, लांब नाक, दाढी आणि खांद्यावर आलेले केस. कोणाच्या प्रार्थनापुस्तकात तो असतो, तर कोणाच्या घरी वेदीजवळ फ्रेममध्ये. पण इटलीतील तुरीनच्या कॅथेड्रलमध्ये जो भाविक प्रत्यक्ष कापडासमोर उभा राहतो, त्याला हा चेहरा असा दिसत नाही. त्याला दिसतात फिकट पिवळसर डाग. आपल्या घरातला चेहरा हा फोटोच्या निगेटिव्हमधला आहे. तो जगापुढे आणला एका वकिलाने, आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ सोसावे लागले.

सेकोंदो पिया यांचा जन्म १८५५ साली उत्तर इटलीतील आस्ती या गावी झाला. शिक्षणाने ते वकील होते, पण त्यांचा जीव रमला छायाचित्रणात. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, जड काचा आणि औषधांच्या बाटल्या. हा सारा संसार बरोबर घेऊन ते आपल्या पिएमोंत प्रांतात हिंडत आणि जुनी चर्चेस, मूर्ती, भित्तिचित्रे यांचे फोटो काढत. ही हौस होती, धंदा नव्हे. विजेच्या दिव्यांच्या उजेडात फोटो काढण्याचे प्रयोगही इटलीत त्यांनी फार लवकर केले. पुढे हेच कौशल्य कामी आले.

१८९८ साली तुरीनमध्ये मोठे प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने पवित्र कफन २५ मे ते २ जून या काळात दर्शनासाठी ठेवण्यात आले. हे सुमारे साडेचार मीटर लांब तागाचे कापड तेव्हा सावॉय राजघराण्याच्या मालकीचे होते. प्रभू येशूला कबरीत ठेवताना ते गुंडाळले होते, अशी भाविकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. १५३२ च्या आगीत ते थोडक्यात वाचले. जळाल्याच्या खुणा आजही दिसतात. त्याचा फोटो तोवर अधिकृतपणे कोणी काढलेला नव्हता. राजा उंबेर्तो यांनी परवानगी दिली आणि काम पियांकडे आले.

पहिला प्रयत्न २५ मे रोजी झाला आणि फसला. दिव्यांच्या उष्णतेने प्रकाश सौम्य करण्यासाठी लावलेल्या काचाच तडकल्या. पिया पुन्हा आले ते २८ मेच्या रात्री, दर्शनाची गर्दी ओसरल्यावर. आता नवीनच अडचण होती. मधल्या दिवसांत राजघराण्यातील राजकन्या क्लोतिल्दे यांच्या आग्रहाने कफनासमोर संरक्षक काच बसवली होती, आणि तिच्यावर दिव्यांचे प्रतिबिंब पडत होते. दिवे इकडे तिकडे सरकवून पियांनी दोन मोठ्या काचांवर फोटो घेतले व रात्रीच घरी जाऊन डार्करूममध्ये शिरले.

रोलचे कॅमेरे ज्यांनी वापरले आहेत, त्यांना निगेटिव्ह ठाऊक आहे. त्यात केस पांढरे आणि चेहरा काळा, सगळे उलटे दिसते. पियांना तसेच अपेक्षित होते. पण औषधात भिजलेल्या काचेवर हळूहळू उमटला तो जिवंत वाटावा असा, छाया-प्रकाशासह खरा चेहरा. याचा अर्थ एकच होता. कापडावरची आकृतीच मुळात निगेटिव्हसारखी उलटी होती, म्हणून तिचे निगेटिव्ह सुलटे आले. फोटोकला जन्माला आली एकोणिसाव्या शतकात. मग त्याच्या कितीतरी आधीच्या कापडावर हे आले कसे? पियांचे हात इतके थरथरले की काच खाली पडता पडता वाचली, असे त्यांनी पुढे सांगितले.

जूनमध्ये बातमी वृत्तपत्रांत आली आणि कौतुकाबरोबर संशयही सुरू झाला. पियांनी काचेवर हातचलाखी केली, प्रकाश चुकीचा दिला, असे लोक म्हणू लागले. गंमत पाहा, कफनाच्या सर्वांत मोठ्या टीकाकारांपैकी एक होते फ्रान्समधील विद्वान धर्मगुरू उलिस शेवालिए. कफन हे रंगवलेले चित्र असल्याचे सांगणारे १३८९ सालचे एका बिशपांचे निवेदन त्यांनी पुढे मांडले. उलट १९०२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्या आकृतीची बाजू मांडली ती ईव्ह दलाज या शास्त्रज्ञाने, आणि ते श्रद्धावंत नव्हते! पण त्यामुळे पियांवरचा डाग पुसला गेला नाही. कफन पेटीत बंद होते. पुन्हा फोटो काढल्याशिवाय खरेखोटे होणार कसे?

त्यासाठी पियांना ३३ वर्षे वाट पाहावी लागली. १९३१ साली कफन पुन्हा उघडले गेले आणि जुझेप्पे एन्रिये या व्यावसायिक छायाचित्रकाराने नव्या साधनांनी, संरक्षक काच नसताना, फोटो घेतले. पंचाहत्तरीचे पिया तेव्हा स्वतः उपस्थित होते. नव्या निगेटिव्हमध्येही तोच चेहरा आला, अधिक स्पष्ट. पिया खोटे बोलले नव्हते. १९४१ साली तुरीनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुरू केलेले काम थांबले नाही. १९७८ साली शास्त्रज्ञांच्या पथकाने एक्स-रे, अतिनील व अवरक्त किरणांनी कफन तपासले आणि हे रंगाने काढलेले चित्र नाही, असा निष्कर्ष काढला. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी करून कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचे ठरवले. आकृती कशी उमटली याचे सर्वमान्य उत्तर मात्र मिळालेले नाही. कफन प्रभूचेच आहे असे मानण्याचे बंधन ख्रिस्तसभेने कोणावरही घातलेले नाही, हे आपण विसरू नये. २००८ साली तर १६४९ डिजिटल फोटो जोडून एक प्रचंड प्रतिमा तयार करण्यात आली.

१९९८ साली पियांच्या फोटोला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने कफनाचे दर्शन खुले झाले आणि पोप जॉन पॉल दुसरे तेथे प्रार्थनेला आले. पियांनी वापरलेला तो मोठा लाकडी कॅमेरा तुरीनच्या कफन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.