आधी मास्तर घडवला

वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूर गाठले की तिथून कुंभोज फारसे दूर नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी या गावी भाऊराव पाटलांचा जन्म झाला. अवघा महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणून ओळखतो. घाटाखाली प्राध्यापकी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला मात्र ते काहीशा अपराधी मनाने आठवतात.

माझ्या पहिल्याच वर्षी वर्गात एक मुलगा होता. बारावी होऊन आलेला, पण मराठीतला एक परिच्छेद त्याला धड लिहिता येत नसे. मी एम. ए. होतो, तरी अशा मुलाला कुठून शिकवायला घ्यावे हे मला ठाऊक नव्हते. हे शाळेचे काम, असे मनाशी म्हणून मी पुढचा पाठ घेतला. दिवाळीनंतर तो आलाच नाही. पुढे मी उजळणी वर्ग केले, विषयातले नवे पुष्कळ कळले; त्या मुलाबद्दल विचारायचा धीर मात्र झाला नाही.

भाऊराव स्वतः मॅट्रिकही नव्हते. कोल्हापुरात जैन बोर्डिंग सोडावे लागले, साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचा काचमाल विकत ते गावोगाव हिंडले. खेड्यातले पोर शाळेत का टिकत नाही, हे त्यांना त्या फिरतीत दिसले असावे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली ती माउली गेली.

वसतिगृहाची ही कहाणी घरोघर ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, म्हणजे हायस्कुलाच्याही आधी मास्तर घडवायची सोय केली. मग शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर त्यांच्या शाळा निघू लागल्या. सयाजीराव हायस्कूल आले ते १९४० साली.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. घरात कधी पुस्तक न आलेली मुले तिथे कमवा व शिका योजनेत अंगमेहनत करून शिकू लागली. अशांना शिकवणार कोण? भाऊरावांनी आपल्याच वसतिगृहातली पोरे पुढच्या शिक्षणाला धाडली आणि शिकवायला परत आणली. पी. जी. पाटील त्यांतलेच. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते याच कॉलेजात आले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. समोरच्या मुलाला काय येत नसेल, हे अशा माणसाला वेगळे सांगावे लागत नसणार. १९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज आले आणि १९५५ साली साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज. ९ मे १९५९ रोजी, पद्मभूषण मिळाले त्याच वर्षी, भाऊराव गेले.

माझा तो विद्यार्थी मागच्या पावसाळ्यात एसटीत भेटला. त्याची मुलगी आता कॉलेजात जाते. तिला घरी पाठव, असे मी त्याला सांगितले. ती आली, तेव्हा पुस्तक न उघडता घरामागच्या वहाळावर तिच्याकडून दहा ओळी लिहून घेतल्या. सहा झाल्या. उरलेल्या चार ती रविवारी आणणार आहे.