अश्वपारखी महाराज प्रतापसिंहराव गायकवाड

बडोद्याचे अखेरचे सत्ताधीश महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची महाराष्ट्रातील ओळख सयाजीरावांचे नातू एवढीच उरली आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या शर्यतविश्वात मात्र त्यांचे नाव दोन घोड्यांमुळे टिकून आहे. त्यांपैकी एकाचे नावच ‘सयाजीराव’ होते, तर दुसऱ्याचे ‘माय बाबू’. घोड्याची पारख करण्यात सहसा न चुकलेल्या या राजाचे स्वतःच्या राजकीय ताकदीविषयीचे अंदाज मात्र चुकत गेले.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ रोजी झाला. त्याच वर्षी वडील युवराज फत्तेसिंहराव निवर्तले. त्यामुळे ते आजोबांच्या छत्राखाली वाढले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून दत्तक येऊन सयाजीरावांनी बडोद्याला देशातील प्रगत संस्थानांच्या पंक्तीत नेऊन बसवले होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भरलेला खजिना व सुस्थितीतील कारभार नातवाच्या हाती आला.

शर्यतींचा शौक त्या काळच्या अनेक राजांना होता. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुणे येथील मैदानांवर बडोद्याचे घोडे नित्य धावत. १९४३ मध्ये मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली, तेव्हा ती महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी स्वार होता. पुढे इंग्लंडमध्येही तो महाराजांचे घोडे हाकू लागला.

महायुद्ध संपताच महाराजांनी आपला मोर्चा इंग्लंडकडे वळवला. १९४५ मध्ये त्यांनी एक वर्षाचे एक शिंगरू २८,००० गिनींना लिलावात घेतले. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम चार लाख रुपयांच्या आसपास जाते. एक वर्षाच्या शिंगरासाठी एवढी किंमत तोवर कोणी मोजली नव्हती. या शिंगराचा पिता नीआर्को आणि माता रोझी लेजंड. त्याचा सख्खा थोरला भाऊ दान्ते याने त्याच वर्षी डर्बी जिंकली होती. गंमत अशी, की दान्ते शिंगरू असताना मालकाच्या अपेक्षेइतकी बोली न लागल्याने घरीच राहिला होता. म्हणजे महाराजांनी पैसे मोजले ते थोरल्या भावाने गाजवलेल्या पराक्रमाचे. त्याच सुमारास न्यूमार्केट येथील वॉरेन प्लेस ही वास्तू आणि तबेले त्यांनी घेतले आणि यॉर्कशरमधील प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग यांना तेथे आणले.

घोड्याचा ‘फॉर्म’ जोखणे हे मोठे किचकट काम आहे. अडथळ्यांवरून उड्या मारीत धावणारा घोडा अनेक हंगाम मैदानात असतो. त्याची उडी कशी आहे, ओल्या जमिनीवर तो कसा धावतो, पाठीवर किती वजन पेलतो, याची नोंद वर्षानुवर्षे जमत जाते. सपाट मैदानावरच्या मानाच्या शर्यतींत ही सवड नसते. तिसऱ्या वर्षी, एकाच उन्हाळ्यात, घोड्याचे नशीब ठरते. हाती असतात त्या केवळ वंशावळ, देहयष्टी आणि मोजक्या शर्यती. त्यातही कोणता घोडा किती अंतराला शोभेल, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे.

‘सयाजीराव’ची १९४७ मधील कामगिरी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’ शर्यतीत ट्यूडर मिन्स्ट्रल हा घोडा आठ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला आणि ‘सयाजीराव’ तिसरा आला. निकालाचा आकडाच पाहणाऱ्याने त्याला निकालात काढले असते. पण दीड मैलाच्या डर्बीत सर्वांचा लाडका ट्यूडर मिन्स्ट्रल चौथा फेकला गेला आणि ‘सयाजीराव’ त्याच्यापुढे तिसरा राहिला. अंतर वाढले तशी त्याची ताकद दिसू लागली होती. त्याच महिन्यात आयर्लंडच्या मैदानावर त्याने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरमध्ये पावणेदोन मैलांहून लांब असलेल्या ‘सेंट लेजर’मध्ये फ्रान्सच्या अर्बारला निसटते हरवून त्याने विक्रमी किंमत सार्थ ठरवली.

पुढच्याच वर्षी ‘माय बाबू’ने नाव काढले. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या घोड्याचे मूळ नाव लेरिन्स. १९४७ च्या अखेरीस दोन वर्षांच्या घोड्यांचे अधिकृत मूल्यांकन झाले, त्यात त्याला अग्रस्थान मिळाले. हे अनुमान खरे ठरवीत १९४८ मध्ये त्याने ‘टू थाउजंड गिनीज’ जिंकली. डर्बीत मात्र सर्वांची पसंती असूनही तो चौथा आला. मैलाचा राजा दीड मैलाला पुरला नाही.

‘सयाजीराव’ने ‘सेंट लेजर’ जिंकली, तेव्हा भारत स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता. संस्थानांचे भवितव्य ठरण्याचा तो काळ. संविधान सभेत आरंभीच सामील झालेल्या संस्थानांत बडोदा होते, हे प्रतापसिंहरावांच्या बाजूने नमूद करायला हवे. परंतु त्यांच्याविषयीची नाराजी आधीपासून साचत होती. द्विभार्याप्रतिबंधक कायदा असलेल्या संस्थानाच्या राजानेच १९४३ मध्ये, पहिली पत्नी शांतादेवी असताना, पिठापूरच्या राजकन्या सीतादेवींशी विवाह केला होता. पुढे संस्थानाच्या गंगाजळीतून प्रचंड रकमा काढल्या गेल्याचे आणि मौल्यवान जवाहीर परदेशी गेल्याचे उघडकीस आले. आजोबांनी रुजवलेल्या सार्वजनिक हिशेबाच्या शिस्तीला हा मोठाच तडा होता. विजयाच्या बातम्या वाचणाऱ्या बडोद्याच्या प्रजेला हा खर्च कोणाच्या पैशातून होतो, असा प्रश्न पडला, तर त्यात गैर काही नव्हते.

१ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणावर स्वाक्षरी करूनही महाराजांनी नंतर राजांची संघटना उभारून त्यालाच आव्हान दिले. काळ बदलला होता आणि बळ कोणाकडे होते, हे उघड होते. १९५१ मध्ये केंद्र सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव यांना वारस म्हणून मान्यता दिली. सीतादेवींशी असलेला विवाह १९५६ मध्ये संपुष्टात आला. १९६८ मध्ये प्रतापसिंहरावांचे लंडनमध्ये निधन झाले.

त्यांनी निवडलेल्या घोड्यांचे रक्त मात्र धावत राहिले. ‘सयाजीराव’ची कन्या ग्लॅडनेसने १९५८ मध्ये ‘अॅस्कॉट गोल्ड कप’ जिंकला, तर पुत्र इंडियानाने १९६४ मध्ये पित्याचीच ‘सेंट लेजर’. ‘माय बाबू’ अमेरिकेत गेला. त्याची कन्या ‘केरळ’ हिचा पुत्र दमास्कस १९६७ मध्ये अमेरिकेतील वर्षातील सर्वोत्तम घोडा ठरला. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातील एक अश्वपैदास केंद्र बडोद्याच्या नावाने ओळखले जाते.

प्रतापसिंहरावांच्या कारकिर्दीचा हिशेब एवढ्यावर पुरा होत नाही. सत्ता सोडण्याच्या त्या धामधुमीत, १९४९ मध्येच, त्यांनी आजोबांच्या नावाने महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना केली आणि सयाजीरावांच्या स्मरणार्थ विश्वस्त निधीही उभारला. त्या विद्यापीठात आजही हजारो विद्यार्थी शिकतात.