वेगळं झाले, पण शेजार राखला

ब्रेक्झिटच्या बातम्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना ऐकल्या असतील. सार्वमत झालं जून २०१६ मध्ये आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधानांनी खुर्ची सोडली. आता एक जुना हिशेब बघा. ७ जून १९०५ ला नॉर्वेच्या संसदेनं स्वीडनबरोबरचं जवळपास ९१ वर्षांचं नातं संपल्याचं ठरवलं आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला स्वीडनच्या राजानं नॉर्वेच्या गादीवरचा हक्क सोडला. म्हणजे पाच महिनेसुद्धा लागले नाहीत. दोन्हीकडचं सैन्य सज्ज झालं होतं, पण युद्ध झालं नाही.

दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत हे खरं. ब्रिटनपुढचा गुंता कितीतरी मोठा होता. तरीही १९०५ च्या त्या पाच महिन्यांत नॉर्वेच्या बाजूनं सूत्रं हलवणारा माणूस ओळखून घेण्यासारखा आहे. त्याचं नाव क्रिश्चन मिकेलसन. नॉर्वेत आजही हे नाव शाळकरी पोरांना माहीत असतं.

जहाजांचा मालक, शहराचा महापौर

मिकेलसनचा जन्म १५ मार्च १८५७ चा, बर्गेन या बंदराच्या गावातला. तो कायदा शिकला, काही वर्षं वकिली केली आणि मग जहाजांच्या धंद्यात उतरला. त्याची कंपनी देशातल्या मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक झाली. १८९१ मध्ये तो संसदेवर निवडून आला. या संसदेचं नाव स्टोर्टिंग. पुढे तो बर्गेनचा महापौरही झाला. म्हणजे कायदा, व्यापार आणि राजकारण या तिन्ही गोष्टी त्यानं हाताळलेल्या होत्या, आणि १९०५ मध्ये त्याला तिन्हींची गरज पडणार होती.

आता भांडण काय होतं ते समजून घ्या. १८१४ मध्ये नेपोलियनच्या युद्धांनंतरच्या वाटण्यांत नॉर्वे डेन्मार्ककडून स्वीडनच्या राजाकडे गेला. नॉर्वेच्या लोकांनी त्याच वर्षी १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना केली होती. ती बरीचशी टिकली. संसद वेगळी, सरकार वेगळं, सैन्य वेगळं. पण राजा एकच, आणि परराष्ट्र व्यवहार स्वीडनच्या हातात. परदेशी बंदरांत दोन्ही देशांचे वकील, म्हणजे कॉन्सुल, तेही एकत्रच.

कॉन्सुल वेगळे हवेत, एवढ्यासाठी कुणी घर मोडतं का, असं तुम्हाला वाटेल. पण नॉर्वेचा व्यापारी ताफा जगातल्या मोठ्या ताफ्यांपैकी एक होता. दूरच्या बंदरात जहाजाचे कागद अडकले, खलाशी आजारी पडला, मालाच्या पैशांवरून तंटा झाला, तर मदतीला धावायचं काम कॉन्सुलचं. जहाजमालकाच्या रोजच्या धंद्याचा हा प्रश्न होता, आणि त्याहून मोठा प्रश्न मानाचा होता.

१८९५ मध्ये नॉर्वेनं हा हट्ट धरला होता. स्वीडननं बळाचा धाक दाखवला आणि नॉर्वेला माघार घ्यावी लागली. तो चटका लोक विसरले नाहीत. पुढच्या दहा वर्षांत नॉर्वेनं युद्धनौका घेतल्या आणि सीमेवर नवे मोर्चे बांधले. हे मोर्चे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आधी बोलणी, मग दार

गंमत म्हणजे मिकेलसन मुळात आगलाव्या नव्हता. १९०३ मध्ये स्वीडनशी बोलून मार्ग काढू म्हणणाऱ्यांच्या आघाडीत तो होता आणि त्या सरकारात मंत्रीही झाला. पण स्वीडननं कॉन्सुल देताना अशा अटी घातल्या की नॉर्वे मांडलिक ठरला असता. फेब्रुवारी १९०५ मध्ये बोलणी फिसकटली. ११ मार्चला मिकेलसन पंतप्रधान झाला. त्यानं मंत्रिमंडळात डावे-उजवे दोन्ही घेतले. उद्या काही बिनसलं तर फोडता येईल असा विरोधी गट मागे उरायला नको, हा त्यातला हिशेब.

मग त्यानं जो बेत आखला, तो एखाद्या वकिलालाच सुचावा असा होता. पायऱ्या नीट बघा. नॉर्वेच्या संसदेनं स्वतंत्र कॉन्सुलांचा कायदा एकमतानं मंजूर केला. राजा दुसरा ऑस्कर तो नाकारणार हे उघड होतं. २७ मे रोजी स्टॉकहोममध्ये त्यानं नाकारलाच. पण राजाच्या निर्णयावर नॉर्वेच्या मंत्र्याची सही लागते, आणि तिथल्या मंत्र्यांनी सही करायला नकार दिला. सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे राजापुढे ठेवले गेले. दुसरं सरकार आत्ता बनवता येणार नाही, असं म्हणून राजानं ते स्वीकारले नाहीत. त्याला वाटलं, पेच टळला.

मिकेलसनला नेमकं हेच वाक्य हवं होतं. घटनेप्रमाणे राजानं सरकार द्यायला हवं. ते देता येत नाही असं राजा स्वतःच सांगतोय, म्हणजे त्याचं राजेपण थांबलं. आणि दोन देशांना बांधणारा एकमेव दोरा तो राजाच होता. ७ जूनला स्टोर्टिंगनं मिकेलसनच्याच मंत्रिमंडळाला कारभार चालवायला सांगणारा ठराव एकमतानं केला. स्वीडनशी असलेलं ऐक्य संपलं, ही खरी बातमी त्या ठरावात एका पोटवाक्यात, जाता जाता सांगितली होती. बंडाचा आवेश कुठेच नव्हता. त्याच दिवशी राजाला विनंतीही गेली, की तुमच्याच घराण्यातला एखादा राजपुत्र आमच्या गादीसाठी द्या. समोरच्याचं नाक कापायचं नाही, हा त्यामागचा विचार.

१८४ जण

स्वीडन अर्थातच भडकलं. एका बाजूनं केलेली ही सोडचिठ्ठी त्यांना मान्य नव्हती. जनतेला खरंच हे हवंय का ते सिद्ध करा, अशी मागणी येणार याची कुणकुण लागताच नॉर्वेनं स्वतःहूनच सार्वमत जाहीर केलं. १३ ऑगस्टला मतदान झालं. बाजूनं ३,६८,२०८ मतं. विरोधात किती? १८४. हजार नाही, लाख नाही, नुसती १८४.

पण या आकड्यात अर्धा देश नव्हता. बायकांना मताचा हक्कच नव्हता. तेव्हा त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि दोन लाखांहून जास्त सह्या गोळा करून दाखवल्या. नॉर्वेत सर्व स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१३ मध्ये.

कार्लस्टाडचं टेबल

इथवर टाळ्या मिळाल्या होत्या. खरी परीक्षा ३१ ऑगस्टला सुरू झाली, स्वीडनमधल्या कार्लस्टाड या गावात. दोन्ही बाजूंची चार-चार माणसं. नॉर्वेकडून स्वतः मिकेलसन. स्वीडनकडच्या चौघांत होता याल्मार हामरशोल्ड. त्याला त्याच जुलैत मुलगा झाला होता. तो मुलगा म्हणजे डाग हामरशोल्ड, पुढे संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झालेला.

स्वीडनची अट होती, सीमेवरचे मोर्चे पाडा. नॉर्वेच्या लोकांनी १८९५ च्या अपमानानंतर जे उभारलं, तेच स्वतःच्या हातांनी पाडायचं! ७ सप्टेंबरला बोलणी थांबली. सगळे आपापल्या राजधानीत परतले. १३ तारखेला बैठका पुन्हा सुरू झाल्या, त्याच दिवशी नॉर्वेनं सैन्याच्या काही भागाला सज्ज व्हायचा हुकूम दिला. एक चुकीची गोळी सुटली असती, तरी पुरलं असतं.

अशा वेळी घरच्या लोकांपुढे ताठ राहणं सोपं असतं. मिकेलसननं दुसरा रस्ता धरला. कुठली गोष्ट गेली तर स्वातंत्र्य जातं आणि कुठली गेली तर फक्त अभिमान दुखावतो, याची त्यानं वाटणी केली. २३ सप्टेंबरला तडजोड झाली. फ्रेड्रिक्स्टेन आणि कोंग्सविंगर या किल्ल्यांचा जुना भाग राहणार. यातल्या फ्रेड्रिक्स्टेनच्या वेढ्यात १७१८ मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स मारला गेला होता, म्हणजे त्याच्या भिंती दोघांनाही जिव्हाळ्याच्या. नवे मोर्चे मात्र पाडायचे. सीमेवर दोन्ही बाजूंनी सैन्यबंदीचा पट्टा ठेवायचा. पुढचे वाद बोलून सुटले नाहीत तर हेगच्या लवादाकडे न्यायचे. सीमेपलीकडे रेनडिअर चारणाऱ्या सामी लोकांच्या चराईचाही करारात विचार झाला.

मायदेशी आल्यावर मिकेलसनला बोल ऐकावे लागले. आपण मान तुकवली, असं अनेकांना वाटलं. ९ ऑक्टोबरला स्टोर्टिंगमध्ये करार १०१ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. जूनमधलं एकमत इथे राहिलं नव्हतं. बाहेर पडायचं यावर सगळे एक होतात. काय देऊन बाहेर पडायचं, हा प्रश्न आला की माणसं पांगतात.

राजा ऑस्करनं आपल्या घराण्यातला राजपुत्र द्यायला नकार दिला. मग डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला विचारणा झाली. ध्रुवप्रदेशाचा संशोधक फ्रित्यॉफ नान्सन त्याचं मन वळवायला कोपनहेगनला गेला होता. कार्लनं अट घातली, आधी लोकांना विचारा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सार्वमत. राजेशाहीच्या बाजूनं २,५९,५६३, विरोधात ६९,२६४. तो सातवा होकोन या नावानं राजा झाला. २५ नोव्हेंबरला बर्फ पडत असताना त्याच्या स्वागताला मिकेलसन जहाजावर गेला.

नंतर काय?

इथे गोष्ट संपवली तर ती फारच गोड होईल. वेगळं व्हायचं हे ध्येय पूर्ण झालं आणि सर्वांना एकत्र धरणारी गाठही सुटली. पक्षापक्षांची ओढाताण सुरू झाली. तब्येतही साथ देईना. १९०७ मध्ये मिकेलसननं पद सोडलं. पुढे त्यानं वेगळा पक्ष काढून पाहिला, पण १९०५ ची जादू परत आली नाही. शेवटच्या वर्षात तर तो डाव्या कामगार चळवळीच्या विरोधातल्या संघटनेच्या उभारणीत होता. सगळ्यांना एका मंत्रिमंडळात बसवणारा माणूस आता एका बाजूला उभा होता. जून १९२५ मध्ये बर्गेनजवळच्या आपल्या गामलेहाउगेन या घरी तो गेला. आज ते घर नॉर्वेच्या राजाचं बर्गेनमधलं निवासस्थान आहे. त्यानं मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९३० मध्ये त्याच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली, ती अजून चालते.

मोर्चे पाडून नॉर्वेनं काय कमावलं, याचं उत्तर लवकरच मिळालं. ऑगस्ट १९१४ मध्ये सगळा युरोप पहिल्या महायुद्धात ओढला जात होता, त्याच महिन्यात नॉर्वे आणि स्वीडनच्या सीमेवर एका शांतिस्मारकाचं अनावरण झालं. डिसेंबरमध्ये स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कचे तिन्ही राजे माल्मोत भेटले. तिन्ही देश त्या युद्धाबाहेर राहिले.

मित्रमैत्रिणींनो, ग्रुप फुटतो, भागीदारी मोडते, रूममेट बदलतात. तेव्हा मी काय सोडणार नाही, ही यादी आपण चटकन करतो. मिकेलसनकडे दुसरीही यादी तयार होती, काय सोडलं तरी चालेल याची. ती करायला जास्त हिंमत लागते, कारण तिच्यासाठी आपलीच माणसं आपल्याला बोल लावतात.