अंधाऱ्या खोलीतले दिवे

इब्ने हैसम यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा शहरात झाला. नाईलचा पूर आवरता येईल, असे त्यांचे म्हणणे ऐकून इजिप्तचे खलिफा अल-हाकिम यांनी त्यांना कैरोला बोलावले. अस्वानजवळ नदी पाहिल्यावर हे काम होणारे नाही, हे त्यांनी ओळखले आणि तसे कबूल केले. पुढे खलिफाच्या धाकाने त्यांनी वेडाचे सोंग घेतले व १०२१ मध्ये खलिफांचा अंत होईपर्यंत ते नजरकैदेत राहिले, असे जुने चरित्रकार सांगतात.

डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे इब्ने हैसम यांनी प्रयोगांनी मांडले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्राबाहेर त्यांनी अनेक दिवे ठेवले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला, की तेवढाच ठिपका नाहीसा होई. वाट एकच, तरी किरण एकमेकांत मिसळले नाहीत. ‘किताब अल-मनाझिर’ या सात खंडांच्या ग्रंथात हे सारे आहे. त्याचा लॅटिन अनुवाद १५७२ मध्ये युरोपात छापला गेला.

मोबाईलचा कॅमेरा म्हणजे अशीच अंधारी खोली. छिद्राच्या जागी भिंग, भिंतीच्या जागी सेन्सर. त्यावरचे लाखो बारीक चौकोन आपापल्या वाट्याच्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करतात. तो भार मोजून आकडे होतात, आकड्यांचे चित्र.

ग्रंथांच्या नकला करून पोट भरणारे इब्ने हैसम १०४० च्या सुमारास कैरोत वारले. डोणगावात ईदच्या चंद्राकडे मोबाईल वळतात, तेव्हा त्यांचाच प्रयोग पुन्हा होत असतो.