वर्ध्याचे जमनालालजी

नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपणा सर्वांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमचे गाव कोणते? मला या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, ते मराठी नव्हते. ते होते राजस्थानातून वर्ध्याला आलेले शेठ जमनालाल बजाज.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळच्या काशी-का-बास या खेड्यात झाला. वर्ध्याचे धनिक शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते लहानपणी दत्तक आले. सतराव्या वर्षी बच्छराजजी रागावून बोलले, तेव्हा या मुलाने सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून दिले! पुढे ती संपत्ती त्यांच्याकडे आलीच. पण ते तिचे मालक म्हणून नव्हे, तर विश्वस्त म्हणून वागले.

व्यापार त्यांनी सचोटीने वाढवला. बजाज उद्योगसमूहाचा आरंभ १९२६ चा. पण त्याआधीच, १९२० साली, नागपूर काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष झाले आणि पक्षाचे खजिनदारही. ती जबाबदारी त्यांनी पुढे अनेक वर्षे सांभाळली. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी १९२१ मध्ये परत केली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगला.

मला सर्वांत मोठी वाटते ती १९२८ सालची घटना. वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी खुले केले. परक्या सरकारशी लढणे एक वेळ सोपे. पण आपल्याच नात्यागोत्यातल्या माणसांचा रोष पत्करायला वेगळे धैर्य लागते.

विनोबांचा आश्रम वर्ध्यात आला, गांधीजी तेथे राहायला आले, १९३६ मध्ये सेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात स्थिरावले, या सर्वांमागे जमनालालजींचा आग्रह आणि आधार होता. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानत.

वर्धा आपलेसे केले म्हणून त्यांनी जन्मभूमीला अंतर दिले नाही. जयपूर संस्थानात प्रजामंडळाचे नेतृत्व केले, प्रवेशबंदी मोडली आणि १९३९ मध्ये तेथेही अटक ओढवून घेतली. अखेरच्या दिवसांत गोसेवेला वाहून घेतले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे निधन झाले.

दोन गावे असणे म्हणजे दोन्हीकडे उपरे असणे नव्हे. दोन्हीकडचे देणे फेडणे होय. आपला गणेशोत्सवही ज्या गावाने आपल्याला सामावून घेतले त्या गावाचा व्हावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.