काका बॅप्टिस्टा : एका कॅथॉलिक कायदेपंडिताची लोकसेवा

ज्युबिली म्हणजे केवळ दिव्यांची आरास आणि मिष्टान्नाची पंगत नव्हे. ज्यांच्या श्रमांवर व पुण्याईवर आपण आज उभे आहों, त्यांचें ऋण मनांत आणण्याचा तो पवित्र दिवस होय. या स्मरणिकेंत धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या सेवेचें स्मरण योग्य त्या मानानें होईलच. आम्ही येथें एका प्रापंचिकाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. ते धर्मगुरु नव्हते, मठवासीही नव्हते. वकिली हा त्यांचा व्यवसाय होता. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा हें त्यांचें नांव; परंतु गिरणीकामगारांपासून राजकारणी पुढाऱ्यांपर्यंत सारे त्यांना काका म्हणत.

काका मुंबईचे आणि आपण नागपूरकर. मग त्यांचें चरित्र आपल्या धर्मग्रामाच्या पुस्तिकेंत कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर लेखाच्या ओघांत येईल. आरंभीं एवढेंच सांगतों कीं, ख्रिस्ती माणूस या देशाचा कितपत, हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत, कचेरींत वा बाजारांत केव्हां ना केव्हां ऐकिला आहे. काकांचें सहासष्ट वर्षांचें आयुष्य हें त्या प्रश्नाचें उत्तर आहे.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईंत माझगांव येथें झाला. तेथील माथारपाखाडी ही जुन्या लाकडी घरांची ख्रिस्ती वस्ती आजही उभी आहे. त्यांचें घराणें मूळचें भाईंदरजवळच्या समुद्रकांठच्या उत्तन गांवचें. साष्टी व वसई या भागांतील जे कोळी, शेतकरी व बागाईतदार पोर्तुगीज अमदानींत ख्रिस्तसभेंत आले, त्यांच्याच वंशजांपैकीं हें कुटुंब होतें. या लोकांनीं धर्म नवा स्वीकारिला, तरी भूमि सोडली नाहीं आणि घरांतील मराठी बोलीही सोडली नाहीं.

इ.स. १८८७ हें या समाजाच्या इतिहासांत महत्त्वाचें साल आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचा सुवर्णमहोत्सव त्या वर्षीं साजरा होत होता. त्या निमित्तानें मुंबईच्या या स्थानिक ख्रिस्ती लोकांनीं ईस्ट इंडियन हें नांव घेतलें व आपली संस्था स्थापन केली. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण निराळे आहों, हें सरकारच्या ध्यानांत यावें आणि नोकऱ्यांत आपला हक्क राहावा, हा त्यांतील एक हेतु होता. त्याच सालीं आपला नागपूरचा धर्मप्रांतही स्थापन झाला, ही आठवण येथें सहज होते. सांगण्याचा मुद्दा असा कीं, लहान समाजाला राजसत्तेचा आश्रय गोड वाटावा, असा तो काळ होता. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. चार माणसांच्या समाजाला पोटाची चिंता असतेच. परंतु त्याच समाजांतून सरकारच्या कृपेकडे पाठ फिरविणारा एक पुरुष निघाला, हें त्याचें मोठें भाग्य.

बॅप्टिस्टा यांनीं पुण्याच्या सरकारी कॉलेजांत इंजिनियरिंगचें शिक्षण घेतलें. पूल व रस्ते बांधून त्यांना सुखानें आयुष्य काढितां आलें असतें. तथापि त्यांचें मन दुसऱ्याच प्रश्नांनीं व्यापलें. ते इंग्लंडला गेले, केंब्रिज येथें राज्यशास्त्र शिकले व बॅरिस्टर होऊन परतले. त्या काळीं आयर्लंडची स्वराज्याची चळवळ जोरांत होती. एक कॅथॉलिक राष्ट्र, कायदा न मोडतां, पार्लमेंटांत व सभांत आपल्या घरचा कारभार आपल्या हातीं मागत आहे, हा देखावा त्यांनीं जवळून पाहिला. होमरूल ही कल्पना त्यांच्या अंतःकरणांत रुजली ती तेथें. पुढें लोकमान्य टिळकांशीं त्यांचा स्नेह जडला आणि त्या कल्पनेला महाराष्ट्रांत भूमि मिळाली.

हा स्नेह कसोटीला लागला इ.स. १९०८ सालीं. केसरींतील लेखांबद्दल सरकारनें लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें नऊ ज्यूरर बसले. त्यांपैकीं सात युरोपियन व दोन पारशी. लेख मराठींत लिहिलेले, आणि निकाल द्यावयाचा तो भाषांतरावरून! लोकमान्यांनीं आपली बाजू स्वतःच मांडली. त्यांचें भाषण वीस तासांहून अधिक चाललें. या कायद्याच्या लढ्यांत त्यांच्या पाठीशीं जे सल्लागार उभे होते, त्यांत बॅप्टिस्टा होते. ज्यूरींत सात विरुद्ध दोन असें मत पडलें आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. राजद्रोही ठरलेल्या पुरुषाचा मित्र म्हणवून घेणें त्या दिवसांत सोपें नव्हतें. ज्याला सरकारी मानमरातब हवा असेल, त्यानें अशा घरची वाट टाळावी, ही त्या वेळची रीत होती. बॅप्टिस्टांनीं ती वाट टाळली नाहीं.

दोन वर्षांनीं विनायक दामोदर सावरकर यांना इंग्लंडहून पकडून आणिलें. वाटेंत मार्सेय बंदरीं त्यांनीं समुद्रांत उडी घेतली व फ्रेंच भूमीवर ते पुन्हा पकडले गेले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मुंबईंत तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनापुढें त्यांचे खटले चालले. येथें ज्यूरी नव्हती आणि निकालावर अपीलही नव्हतें. अशा खटल्यांत यशाची आशा थोडी असते, आणि आरोपीच्या वकिलाकडे संशयानें पाहणारेच पुष्कळ असतात. तरीही बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. दोन जन्मठेपी मिळून पन्नास वर्षांची शिक्षा झाली. खटला हरला, पण आरोपीला न्यायालयांत एकटें उभें राहावें लागलें नाहीं.

शुभवर्तमानांतील एक प्रसंग येथें आमच्या मनांत येतो. आपला शेजारी कोण, असा प्रश्न प्रभु येशूला ज्यानें विचारिला, तो नियमशास्त्राचा जाणकारच होता. आजच्या भाषेंत वकीलच म्हणा ना. उत्तरादाखल प्रभूनें त्याला दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेंत पडलेला मनुष्य कोणत्या जातीचा, कोणत्या मताचा, हें त्या शोमरोन्यानें विचारिलें नाहीं. एक चित्पावन ब्राह्मण, गीतेचा भाष्यकार. दुसरा त्याहून तरुण व त्याहून जहाल. आणि त्यांच्यासाठीं कायद्याचीं पुस्तकें उलगडणारा माथारपाखाडीचा कॅथॉलिक बॅरिस्टर! त्या जुन्या प्रश्नाचें उत्तर काकांनीं न्यायालयांत उभें राहून दिलें, असें आम्हांस वाटतें.

लोकमान्य मंडालेहून इ.स. १९१४ सालीं सुटून आले. एप्रिल १९१६ मध्यें बेळगांव येथें त्यांनीं होमरूल लीग स्थापिली. तिचें अध्यक्षपद त्यांनीं स्वतः घेतलें नाहीं. तें बॅप्टिस्टांना दिलें, व नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस झाले. ज्या चळवळीला विरोधक एका जातीची व एका धर्माची म्हणून हिणवीत असत, तिच्या शिरोभागीं एक ख्रिस्ती पुरुष बसला. लोकमान्यांच्या जगप्रसिद्ध घोषणेची शब्दयोजनाही मूळ बॅप्टिस्टांची, असें मानणारे पुष्कळ आहेत. तो वाद आम्ही इतिहासकारांवर सोंपवितों. लीगचें अध्यक्षपद मात्र वादाचा विषय नव्हे.

आणि येथेंच आपल्या नागपूरचा संबंध येतो. या लीगच्या क्षेत्रांत महाराष्ट्र व कर्नाटक यांबरोबर मध्यप्रांत व वऱ्हाडही होते. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे, नागपूरचे डॉक्टर मुंजे अशीं लोकमान्यांचीं विश्वासू माणसें या भागांत काम करीत होतीं. म्हणजे सीताबर्डी वा महाल येथील ज्या गृहस्थांनीं त्या दिवसांत लीगची वर्गणी भरली, त्यांचे अध्यक्ष आपले धर्मबंधु होते. आपल्यापैकीं कितीजणांस हें ठाऊक असेल?

इ.स. १९१७ सालीं लीगच्या कामासाठीं काका इंग्लंडला गेले. तेथें त्यांनीं विशेषतः मजूर पक्षाशीं संधान बांधिलें. हिंदुस्थानच्या स्वराज्याचा कैवार घेईल तर तो श्रीमंतांचा पक्ष नव्हे, कष्टकऱ्यांचा घेईल, हें त्यांनीं ओळखिलें होतें. कष्टकऱ्यांचें काम तर त्यांनीं स्वदेशींही अंगावर घेतलें. त्या वेळीं गिरणींतील प्रौढ पुरुषाला दिवसाचे बारा तास राबविणें कायद्यास मान्य होतें. इ.स. १९२२ च्या कायद्यानें ते अकरा झाले, व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. कामगार संघांना संरक्षण देणारा कायदा झाला तो इ.स. १९२६ सालीं. त्यापूर्वीं संप घडविणाऱ्या पुढाऱ्यावर मालक नुकसानभरपाईची फिर्याद आणूं शकत. मद्रासेंत तसें घडलेंही होतें. अशा काळांत मजुरांना कायदा जाणणारा माणूस हवा होता.

३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. लाला लजपतराय अध्यक्ष झाले. तिच्या संस्थापकांत बॅप्टिस्टा होते. पुढच्याच वर्षीं, इ.स. १९२१ मध्यें, झरिया येथें दुसरें अधिवेशन झालें, त्याचे अध्यक्ष स्वतः बॅप्टिस्टा. झरिया म्हणजे दगडी कोळशाचा मुलूख. त्या काळीं तेथें पुरुषांबरोबर स्त्रियाही जमिनीच्या पोटांत उतरून काम करीत. पोप तेरावे लिओ यांनीं इ.स. १८९१ सालीं रेरुम नोव्हारुम हें परिपत्रक काढून मजुराला न्याय्य वेतन द्यावें व त्याला संघ करण्याचा हक्क आहे, असें जगाला बजाविलें होतें. ख्रिस्तसभेची ती शिकवण कृतींत कशी उतरते, हें पाहावयाचें असेल तर खाणींच्या त्या मुलुखांतील या कॅथॉलिक अध्यक्षाकडे पाहावें.

याही कामाचा धागा नागपूरला येऊन मिळतो. जमशेटजी टाटांनीं इ.स. १८७७ सालीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली. आज ती बंद पडली आहे. पण तिच्या भोंग्यावर पिढ्यान् पिढ्या येथील हजारों घरांचा दिवस उगवत असे. इ.स. १९२९ च्या अखेरीस ट्रेड युनियन काँग्रेसचें अधिवेशन आपल्या याच शहरांत भरलें. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास आलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार घालावा कीं नाहीं, यासारख्या प्रश्नांवरून तेथें फूट पडली आणि नारायण मल्हार जोशी प्रभृति मंडळी बाहेर पडली. नऊ वर्षांपूर्वीं ज्या घराचा पाया घालण्यास काकांचे हात लागले होते, त्याच्या भिंतीला नागपुरांत तडा गेला. आपल्या शहराला ही आठवण भूषणाची नाहीं. पण चरित्र सांगतांना केवळ जयजयकार सांगून भागत नाहीं. सेवकानें बांधावें आणि तें आपल्या डोळ्यांदेखत दुभंगावें, हाही सेवेचा एक वांटा आहे.

राजकारण व मजूर यांच्या धांवपळींत काकांनीं आपलें गांव विसरलें नाहीं. इ.स. १९०१ पासून ते मुंबईच्या म्युनिसिपालिटींत लोकांचे प्रतिनिधि होते. गटारें, नळ, दिवे व कचरा हे विषय सभा गाजविणारे नव्हेत. परंतु गरीबाचें आरोग्य त्यांवरच अवलंबून असतें. इ.स. १९२५–२६ सालीं ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्याच पदाला इ.स. १९३१ पासून महापौर असें नांव मिळालें.

१८ सप्टेंबर १९३० रोजीं काका बॅप्टिस्टा देवाघरीं गेले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांचा देह विसावला आहे. माझगांवांत डॉकयार्ड रोड स्टेशनालगत भंडारवाडा टेकडीवर पाण्याचे मोठे साठे आहेत. त्यांवरील बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचें नांव दिलेलें आहे. तेथून गोदीचा सारा परिसर दिसतो. मुंबईस जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील मंडळींनीं एक संध्याकाळ तेथें अवश्य काढावी. हजारों घरांना पाणी पुरविणाऱ्या टेकडीवर त्यांचें नांव असावें, यापरतें उचित स्मारक आम्हांस सुचत नाहीं.

स्वराज्य त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. तें त्यांच्या मागून सतरा वर्षांनीं आलें. पण आपला समाज लहान आहे म्हणून आपलें अंगण लहान असावें, हें त्यांनीं मानलें नाहीं. त्यांनीं श्रद्धा सोडून देश धरिला नाहीं, आणि देश सोडून श्रद्धाही धरिली नाहीं. एकाच ओंजळींत दोन्ही सांभाळलीं. आज आपल्या धर्मग्रामांत वकील आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, रेल्वेंत व कचेरींत काम करणारे आहेत. प्रत्येकाच्या टेबलापाशीं दिवसांतून एखादा तरी मनुष्य असा येतो, कीं ज्याला नियम ठाऊक नसतो आणि ज्याचें कोणी नसतें. तो आपल्या मंडळींतला आहे कीं नाहीं, हें न विचारतां त्याचा कागद हातीं घ्यावा. काकांचें श्राद्ध घालण्याची ख्रिस्ती रीत हीच.

प्रभु त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि आमच्या ज्युबिलीच्या दिव्यांतील एक दिवा त्यांच्या नांवानें तेवत राहो.